भरलेली ट्रॉली कोण उलटवणार?

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरतेच्या कुठल्याही जुन्या, झाडांच्या रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसतं. वर हायड्रोलिक पाळण्यात करवतवाला, खाली दोर धरलेली दोन-तीन माणसं, रस्त्यावर गुलमोहराच्या नाहीतर पेल्टोफोरमच्या फांद्यांचा खच आणि कडेला ट्रॅक्टरमागे उभी ट्रॉली. ती इतकी भरलेली की मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला पुढचा ट्रॅक्टर दिसू नये. बघणाऱ्याला वाटतं, पाच टन माल चालला आहे. वजनकाट्यावर घातली तर त्या हिरव्या ढिगाचं वजन एक टनही भरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॉलीत बुंध्याचे चार-पाच जाड ओंडके असतात. फाळक्याच्या वर काहीच दिसत नाही, लांबून ती रिकामीच वाटते. टायर मात्र त्या दिवशी बसलेले असतात.

झाडकामासाठी ट्रॉली घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘किती टनांची?’ शेणखत, वाळू, विटा, ऊस यांच्यासाठी तो प्रश्न बरोबर आहे. झाडासाठी तो अर्धाच आहे. फांदी जागा खाते, ओंडका वजन खातो, आणि दोन्ही एकाच झाडावरून उतरतात. शिवाय भरलेलं सगळं कुठंतरी रिकामं करायचं असतं. ट्रॉलीची खरी परीक्षा तिथे होते, आणि तिथे प्रश्न टनांचा नसून तेलाचा, दाबाचा आणि फाळक्याचा असतो.

सुरतेत हा प्रश्न इतर शहरांपेक्षा थोडा जास्त टोकदार आहे, त्याला कारण आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीनं लाखो लोक हे शहर सोडून पळाले होते. दुसऱ्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि कचरा उचलणं ही इथली रोजची शिस्त बनली. स्वच्छ सर्वेक्षणात सलग तीन वर्षं दुसऱ्या क्रमांकावर राहिलेलं सुरत २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीनं पहिलं आलं. अशा शहरात तोडलेल्या फांद्या चौकात आठवडाभर पडून राहत नाहीत. निदान राहू नयेत अशी अपेक्षा असते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा वेगळा ठेवायला सांगितलं आणि कुठलाही कचरा उघड्यावर जाळायला बंदी घातली. पूर्वी सोसायटीचा वॉचमन संध्याकाळी कोपऱ्यात पालापाचोळा पेटवून मोकळा व्हायचा. आता तो नियमानं वाहूनच न्यावा लागतो. म्हणजे ट्रॉली आली.

त्यात कोनोकार्पसची भर पडली. झटपट हिरवी भिंत उभी करणारं हे झाड गुजरातेतल्या शहरांनी आणि बिल्डरांनी हौसेनं लावलं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या वन विभागानं त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तोपर्यंत ते दुभाजकांवर, कारखान्यांच्या कुंपणांना, बंगल्यांच्या भिंतींना सगळीकडे पोचलं होतं. ते छाटायचं तर वारंवार, आणि निघतं ते जवळजवळ सगळं पान आणि काडी. जागा खाणारा माल. याच्या अगदी उलट टोकाला अश्विनीकुमार स्मशानाजवळचा सुरतेचा प्रसिद्ध ‘तीन पानांचा वड’ आहे. कर्णाच्या दहनाशी त्याची कथा जोडतात आणि त्याला कधी तीनापेक्षा जास्त पानं येत नाहीत असं भाविक सांगतात. ट्रॉलीवाल्याच्या दृष्टीनं आदर्श झाड!

उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा हा सुरतेचा दक्षिण-पूर्व पट्टा धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेल्या कुटुंबांनी भरलेला आहे. तापीकाठची रेल्वेलाईन त्यांना थेट उधन्यात आणून सोडते. इथे घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती चालते. महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. माग, रंगाई आणि बांधकामानंतर या भागातल्या माणसांनी जे धंदे धरले त्यात ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्यानं देणं हा एक ओळखीचा धंदा आहे. खानदेशातल्या माणसाला ट्रॉली शिकवावी लागत नाही. केळी, कापूस, ऊस यांची वाहतूक त्यानं लहानपणापासून पाहिलेली असते. शहरात मात्र त्याच ट्रॉलीला वेगळं काम पडतं आणि गावचे आडाखे चुकायला लागतात.

आधी मापं पाहू. नेहमीची ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच धरली तर हौद्यात १२० घनफूट, म्हणजे सुमारे ३.४ घनमीटर जागा होते. मोकळ्या टाकलेल्या फांद्यांचं वजन घनमीटरला शंभर-दीडशे किलोच्या आसपास असतं. पानांची दाटी आणि रचण्याची पद्धत यावर ते कमीजास्त होतं. म्हणजे काठोकाठ भरूनही जेमतेम अर्धा टन. तेवढ्यासाठी खजोदच्या किंवा आणखी कुठल्या डेपोपर्यंत डिझेल जाळायचं परवडत नाही. म्हणून झाडकामवाले बाजूला लोखंडी जाळीचे उंच कठडे लावतात. कठडा पाच फुटांचा केला की जागा तीनशे घनफुटांवर जाते आणि फांद्या एक टनापर्यंत मावतात. इथवर सगळं छान.

आता त्याच कठड्यात ओंडके भरा. ओल्या लाकडाचा एक घनमीटर भरीव ठोकळा नऊशे ते हजार किलोंचा असतो. ओंडक्यांमधल्या पोकळ्या वजा केल्या तरी ट्रॉलीतल्या प्रत्येक घनमीटरला साडेपाचशे-सहाशे किलो पडतातच. साध्या दोन फुटी हौद्यात दोन टन झाले. पाच फुटी जाळीपर्यंत रचले तर पाच टन. दोन फूट जाडीचा, सहा फूट लांबीचा एकच ओंडका अर्ध्या टनाचा असतो, हे करवत चालवणाऱ्यांनाही पुष्कळदा खरं वाटत नाही. जाळी लावणाऱ्यानं ती पानांसाठी लावलेली असते, पण संध्याकाळी मुकादम ‘जागा आहे ना, टाका’ म्हणतो, आणि एक्सल तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. म्हणून जाळीचा कठडा काढता येण्याजोगा असावा. ओंडक्याच्या फेरीला तो काढूनच ठेवावा. मग डोळ्यांना मर्यादा आपोआप दिसते.

तळाचा पत्राही इथेच ठरतो. माती-वाळू सावकाश ओतली जाते. ओंडका जेसीबीच्या बकेटमधून सुटतो तेव्हा अर्धा टन एका कोपऱ्यावर आदळतो. पातळ पत्र्याला एका पावसाळ्यात पोक येतं, मग तिथे पाणी साठतं आणि गंज धरतो. पत्र्याखालच्या आडव्या चॅनेल जवळजवळ असणं जाड पत्र्याइतकंच महत्त्वाचं, आणि विकत घेताना खाली वाकून त्या मोजणारे गिऱ्हाईक थोडेच.

यानंतर चाकं. दोन चाकी की चार चाकी, हा वाद पारावरचा आहे आणि तो गुजरातीत, मराठीत, अहिराणीत सारख्याच आवेशानं चालतो. त्याचं मूळ मात्र आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनपर्यंत जातं. ट्रॅक्टरच्या मागे हायड्रोलिक उचल बसवून अवजाराचं ओझं ट्रॅक्टरच्याच मागच्या चाकांवर घ्यायचं, ही त्याची कल्पना. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर झालेल्या करारातून १९३९ चा फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर आला. १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत त्याचा लहानसा करडा ट्रॅक्टर बनू लागला. त्याच्यासाठी काढलेल्या उलटत्या ट्रेलरचा एक्सल त्यानं मुद्दाम बराच मागे ठेवला. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग हुकवर आला, हुकमधून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर गेला, आणि हलका ट्रॅक्टर चिखलातही घसरेनासा झाला. मॅसी फर्ग्युसन हे नाव पुढे मद्रासच्या टॅफेतर्फे १९६० च्या दशकात भारतात आलं. आपल्याकडची दोन चाकी ट्रॉली नकळत त्याच हिशेबावर उभी आहे.

हिशेब चांगला आहे, पण त्याला हद्द आहे. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास भरतो. हुकवर सातशे किलो आले तर पुढचा एक्सल सुमारे तीनशे किलोनं हलका होतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. सुरत मात्र पुलांचं शहर आहे. तापीवरचे, खाड्यांवरचे, रेल्वेवरचे आणि नुसत्या चौकांवरचे धरून इथे शंभराहून जास्त पूल आहेत. चढावर स्टिअरिंग पोकळ लागतं, म्हणजे पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलेली असतात. उतारावर उलटी गंमत. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे दोन टनांचा ट्रॅक्टर चार-पाच टनांना थोपवायला बघतो आणि मागचं वजन त्याला ढकलत नेतं. शहरात काम करायचं असेल तर ट्रॉलीला ब्रेक लावून घेण्याचा खर्च चैनीत धरू नये.

चार चाकी ट्रॉलीत हुकवर उभं वजन जवळजवळ येत नाही, माल भरायला ती स्थिर, आणि ट्रॅक्टर काढून घेतला तरी स्वतःच्या पायावर उभी राहते. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याकडे हंगामात जाणारी वाहनं पाहिली की वजनदार मालाला ही रचना का आवडते ते कळतं. तिथल्या उसाला कोयता लावायला डांग आणि खानदेशातूनच टोळ्या येतात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं त्यांच्यावर आयुष्यभर लिहिलं. पण उसाचा रस्ता सरळ कारखान्यात जातो. झाडाची ट्रॉली नानपुऱ्याच्या, गोपीपुऱ्याच्या गल्लीत मागे सरकवत न्यावी लागते. चार चाकीला पुढे फिरता सांधा आणि हुकचा सांधा, असे दोन सांधे असतात. ती सरळ रिव्हर्स घेणारा ड्रायव्हर मिळाला तर त्याला सांभाळून ठेवावं. जुन्या शहरासाठी दोन चाकी, आखूड ट्रॉली आणि राजकोटला बनतो तसला लहान ट्रॅक्टर ही जोडी जास्त समंजस ठरते, फेऱ्या दोन वाढल्या तरी.

दोन चाकीची एक खोड उलटताना कळते. हौदा वर जाऊ लागला की माल मागे सरकतो. एक्सलच्या मागे वजन गेलं की हुक वर ओढला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. ब्रेक लावलेला ट्रॅक्टर जागचा सरकतो. ओला पाला चिकटून शेवटच्या टोकाला अडला असेल तर धोका जास्त. हौद्याची बिजागरी एक्सलच्या फार मागे नसावी, हा नियम दुकानातल्या रंगीत कॅटलॉगात सापडत नाही. टेप घेऊन मोजावं लागतं.

फाळक्याकडे तर कोणी बघतच नाही. वाळूच्या ट्रॉलीला फाळका वरच्या बाजूनं टांगलेला असतो. हौदा उचलला की तो आपोआप झुलतो आणि खालून वाळू निसटते. फांद्यांना हा फाळका म्हणजे बूच आहे. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पंचेचाळीस अंशांवर उचलूनही त्या सगळ्या मिळून एक गाठोडं होऊन फाळक्याला अडतात, आणि मग कोणीतरी आकडा घेऊन मागे उभा राहतो, म्हणजे नेमका जिथे उभं राहू नये तिथे. झाडकामाला दारासारखे बाजूला उघडणारे दोन फाळके हवेत, पूर्ण मागे वळून कठड्याला अडकवता येतील असे. भरण्याचीही एक रीत आहे: फांदीचा बुंध्याकडचा जाड भाग मागे, फाळक्याच्या दिशेनं, आणि शेंडा ट्रॅक्टरकडे. जाड टोक आधी निघालं की बाजूच्या डहाळ्या मिटत जातात. शेंडा आधी निघाला तर प्रत्येक डहाळी शेजारणीला धरून बसते. जुने लाकूडतोडे हे न सांगता करतात.

आता शक्ती. हौदा उचलणारी ताकद कुठून येते?

सर्वांत सोपं उत्तर ट्रॅक्टरच्या पोटात आहे. इंजिनवर चालणारा गिअर पंप तेलाला दाब देतो, लिव्हर ओढली की ते होजमधून ट्रॉलीखालच्या जॅकमध्ये जातं. गणित साधं आहे. जॅकचा आतला व्यास दहा सेंटिमीटर असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. दीडशे बार दाबाला तो जवळपास बारा टनांचा रेटा देतो. चार टनांच्या मालाला बारा टन कशाला, असं वाटेल. पण सुरुवातीला जॅक हौद्याखाली जवळजवळ आडवा पडलेला असतो. वीस अंशांच्या कलावर त्याच्या रेट्यातला फक्त एक तृतीयांश भाग वर उचलण्याच्या कामी येतो. बाराचे चार झाले. ओंडके पुढच्या बाजूला रचले असतील तर बिजागरीपासूनचं अंतर वाढतं आणि तेही पुरत नाहीत. हौदा चौकटीपासून वीतभर उचलेपर्यंतच पंप कण्हतो, नंतर सगळं हलकं होत जातं, ते यामुळे. पुढच्या टोकाला उभा बसवलेला, टप्प्याटप्प्यानं बाहेर येणारा जॅक ही अडचण टाळतो, पण त्याला तेल जास्त लागतं आणि तो महाग असतो.

तेल जास्त लागतं, याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. दहा सेंटिमीटर व्यासाचा आणि एक मीटर धावेचा जॅक पूर्ण बाहेर काढायला आठ लिटर तेल आत जावं लागतं. पंप मिनिटाला वीस लिटर देत असेल तर पंचवीस सेकंदांत काम होतं. इंजिन मंद ठेवलं तर तेवढाच वेळ वाढतो. पण ते आठ लिटर येतं कुठून? कित्येक ट्रॅक्टरांत हायड्रोलिकचं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. ट्रॉली हवेत असताना गिअरबॉक्समधली पातळी तेवढी उतरलेली असते. मोठा जॅक लहान ट्रॅक्टरला जोडला की पंप हवा ओढायला लागतो, तेलाला फेस येतो, आणि मग ना ट्रॉली धड उठते ना गिअर सुखात राहतात. जॅक घेण्याआधी ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत ‘बाहेरच्या कामासाठी किती लिटर तेल काढता येईल’ हा आकडा शोधावा. बहुतेक पुस्तिका सीटखालच्या खणात कोऱ्या करकरीत असतात.

भाड्याच्या धंद्यात याहून मोठी कटकट म्हणजे उष्टं तेल. आज एका ट्रॅक्टरला, उद्या दुसऱ्याला अशी ट्रॉली फिरत राहिली की जॅकमध्ये उरलेलं तेल प्रत्येक ट्रॅक्टरच्या पोटात जातं. कपलर उघडा लोंबत राहिला, त्याला भुसा लागला, पावसाचं पाणी लागलं, तर तेही आत जातं. तेल दुधासारखं पांढुरकं दिसायला लागलं की पाणी शिरलं समजावं. कपलरला रबरी टोपी लावणं हा या सगळ्या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा मार्ग म्हणजे ट्रॉलीलाच स्वतंत्र टाकी आणि पंप. पंप ट्रॅक्टरच्या पीटीओवर, मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या त्या खाचदार दांड्यावर चालवता येतो. तेल वेगळं राहतं, ट्रॅक्टर कुठलाही चालतो. फक्त एक दांडा फिरता ठेवावा लागतो, आणि त्याच्याजवळ लुगडं, धोतर, गमछा कशालाही क्षमा नाही. त्यावरचं संरक्षक कवच काढून टाकलेलं असेल तर ते आधी बसवावं, मग पंपाचं बघावं.

तिसरा मार्ग विजेचा. अमेरिकेत झाडकामाच्या लहान धंद्यात चौदा फूट लांब, सात फूट रुंद, दोन एक्सलचा उलटता ट्रेलर सर्रास दिसतो. पिकअप त्याला ओढते. पिकअपला बाहेर काढायला हायड्रोलिक नसतं, म्हणून ट्रेलरच्या पुढच्या पेटीत बारा व्होल्टची बॅटरी, मोटर आणि पंप असा एकत्र संच बसवलेला असतो. आपल्याकडेही असे संच मिळतात आणि बोलेरोसारख्या गाडीमागे ट्रेलर लावू पाहणाऱ्याला ते आकर्षक वाटतात. पण बसवताना बहुतेक जण एकच चूक करतात: गाडीच्याच बॅटरीवरून मागे लांब वायर टाकतात. दोन किलोवॉटची मोटर बारा व्होल्टला ओझ्याखाली दोनशे अँपिअरपर्यंत ओढते. गाडीपासून पंपापर्यंत सहा मीटर जाणारी आणि सहा मीटर परतणारी दहा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर धरली तर वाटेतच चार व्होल्टहून जास्त गळतात. मोटरला आठ व्होल्ट उरतात. ती फिरते, तापते, आणि माल उचलत नाही. दोष पंपाला दिला जातो. बॅटरी ट्रॉलीवरच, पंपाच्या शेजारी हवी. मग गाडीकडून येणाऱ्या वायरला फक्त चार्जिंगचे दहा अँपिअर वाहायचे असतात.

बॅटरी पुरेल का? चाळीस सेकंदांच्या एका उचलीला दोनशे अँपिअर म्हणजे सव्वादोन अँपिअर-तास होतात. दिवसात दहा वेळा ट्रॉली उलटली तर बावीस. ऐंशी अँपिअर-तासांच्या शिसं-आम्लाच्या बॅटरीला ते सहज पेलतं, रात्री भरून घेतली तर. चाळीस वॉटचं सौर पॅनेल सुरतेच्या उन्हाळ्यात दिवसभरात दहा-बारा अँपिअर-तास परत घालतं, म्हणजे निम्मं. पावसाळ्यात, नेमकी झाडं पडतात तेव्हा, त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यानं विजेच्या नादाला लागू नये, असं स्पष्ट म्हणावंसं वाटतं. चाळीस अश्वशक्तीचं इंजिन समोर धडधडत असताना बॅटरी सांभाळणं हौसेचं काम आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही आणि फेऱ्या दिवसाला दोन-तीनच आहेत, त्यानं ट्रेलरऐवजी छोटा हत्ती किंवा तसाच उलटता हौदा असलेला टेम्पो पाहावा. २००५ पासून रस्त्यावर असलेल्या टाटा एसच्या वर्गातल्या गाड्यांवर असे हौदे सर्रास बसवतात. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या गाड्या त्याच जातीच्या. रिव्हर्सला सोपं, ब्रेक चारही चाकांना, कागदपत्रं सरळ. फक्त ओंडका त्यात घालायचा नाही.

मग चिपर. फांद्या जागेवरच बारीक करून ढलपे भरले तर त्याच हौद्यात कितीतरी पट माल मावतो, आणि ढलपे पंचेचाळीस अंशांवर गुपचूप घसरतात. फाळक्याची सगळी भानगडच मिटते. पीटीओवर चालणारा चिपर ट्रॅक्टरवाल्याला स्वाभाविक वाटतो. पण ट्रॅक्टरला पाठ एकच. चिपर मागे जोडला की ट्रॉली कुठे लावणार? एकतर दुसरा ट्रॅक्टर हवा, नाहीतर स्वतःचं इंजिन असलेला, ट्रॉलीमागे ओढत नेता येणारा चिपर हवा. कंत्राटाच्या आकड्यांत हा दुसरा ट्रॅक्टर बहुधा विसरलेला असतो. कोनोकार्पससारख्या काडीपाल्याला चिपर उत्तम. खिळे, फलकांच्या तारा, पतंगाचा मांजा गिळलेल्या रस्त्यावरच्या जुन्या झाडाला लावला तर पाती महिन्यात जातात. आणि उत्तरायणानंतर सुरतेच्या झाडांत मांजा किती असतो ते सुरतकराला सांगायला नको.

वादळात हे सगळे आडाखे एकदम तपासले जातात. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ उना-दीवच्या किनाऱ्याला आदळलं. सुरत त्याच्या वाटेवर नव्हतं, तरी इथेही झाडं पडली. अशा वेळी छाटणीची सावकाश रीत चालत नाही. बुंधा, फांद्या, विजेच्या तारा, खांबाचा तुकडा, भिंतीच्या विटा सगळं एकत्र जेसीबीच्या बकेटमधून येतं. त्या रात्री जाळीचा कठडा वाकतो, पातळ तळाला भोक पडतं, आणि गुंतलेल्या मालाला फाळका अडकला तर डेपोवर रांग लागते. आपत्तीसाठी म्हणून ट्रॉली राखून ठेवायची तर ती बिनजाळीची, जाड तळाची, दारासारख्या फाळक्याची असावी.

विजेच्या तारांचं सुरतेत विशेष भान ठेवावं लागतं. शहराच्या काही भागात टोरेंट, बाकी भागात दक्षिण गुजरात वीज कंपनी. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर उंच असावी असा नियम आहे. दहा फुटी हौदा पन्नास अंशांवर उचलला तर त्याचं पुढचं टोक पावणेचार-चार मीटरवर जातं. अंतर पुरेसं दिसतं. त्यात पाच फुटी जाळी धरली, वर उभी राहिलेली एखादी फांदी धरली, आणि वादळानंतर झोळ पडलेली किंवा घराकडे गेलेली खालची तार धरली, की ते अंतर उरत नाही. ट्रॉली उलटायची ती डेपोत, आणि तिथेही आधी वर बघून.

कागदपत्रांचं प्रकरण रूक्ष आहे, पण एखादा अपघात झाला की तेच सर्वांत महाग पडतं. शेतीच्या नावावर नोंदलेला ट्रॅक्टर महापालिकेच्या किंवा सोसायटीच्या भाड्यानं चालवला की तो शेतीचा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये नटवर पारीख कंपनीच्या खटल्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडी मालवाहू वाहन ठरते असं म्हटलं. त्याआधी २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात मात्र चालकाच्या बाजूनं निकाल लागला होता: ट्रॅक्टरचा परवाना असलेला माणूस मागे ट्रॉली जोडली म्हणून अपात्र होत नाही. दोन्ही निकाल विम्याच्या दाव्यांत आजही फिरत असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. माल बाजूनं, मागून किंवा पुढून बाहेर आला तरीही वीस हजार. म्हणजे अर्ध्या टनाच्या फांद्या बाहेर लोंबल्या तरी दंड तोच. ताडपत्री आणि दोर त्याहून बरेच स्वस्त मिळतात.

जुनी ट्रॉली घेणाऱ्यांसाठी वर्कशॉपवाल्यांकडे एक चाचणी असते. ट्रॉली सपाट जागी लावायची, वजन भरायचं, अर्ध्या उंचीवर उचलून लिव्हर मधोमध ठेवायची आणि इंजिन बंद करायचं. तिच्याखाली कोणी जायचं नाही; दुरुस्तीसाठी जायचंच असेल तर आधी लोखंडी टेकू. हौद्याच्या कडेला खडूनं खूण करून चहा प्यायला जायचं. परत आल्यावर खूण जागेवर असेल तर जॅक आणि वॉल्व्ह ठीक. हौदा वीतभर खाली आला असेल तर जॅकची पॅकिंग तरी गेली आहे, नाहीतर गळती ट्रॅक्टरच्या वॉल्व्हमध्ये आहे. होज काढून तीच ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला लावली की दोष कुणाचा ते कळतं, आणि किमतीतून किती कापायचं तेही.